मुदत संपलेलं कार्ड घेऊन कॅनडाला परतताना

मुंबई विमानतळ, टर्मिनल २, रात्रीचा दीड. काउंटरवरच्या मुलीनं माझं पीआर कार्ड, म्हणजे कॅनडातल्या कायम रहिवाशाचं ओळखपत्र, उलटून पाहिलं, परत सुलटं केलं आणि तारखेवर बोट ठेवलं. "मॅडम, हे पाच नोव्हेंबरला संपलंय." त्या रात्री तारीख होती १८ नोव्हेंबर २०२३.

मला आधी वाटलं, तिची वाचण्यात चूक झाली असेल. मग मी स्वतः वाचलं. पासपोर्टची मुदत मी दहा वेळा पाहिली होती, तिकिटावरचं नाव पाहिलं होतं, बॅगेचं वजन घरच्या काट्यावर करून आले होते. कार्ड मात्र पाकिटात होतं तसंच होतं. तिनं सुपरवायझरला बोलावलं. ते गृहस्थ सौम्य होते. म्हणाले, "ताई, आमच्या हातात नाही. पासपोर्ट स्कॅन केला की कॅनडाकडून उत्तर येतं, बसवा किंवा बसवू नका. तुमचं 'बसवू नका' आलंय. तुमच्याकडे दुसरं ट्रॅव्हल डॉक्युमेंट आहे का?" नव्हतं.

बॅगा परत घेऊन मी डोंबिवलीला मावशीकडे गेले. टॅक्सीतून नवऱ्याला फोन लावला. तिकडे टोरोंटोजवळ मिसिसागात शुक्रवारची दुपार होती. तो ऑफिसातून घरी गेला, ड्रॉवर उघडला आणि म्हणाला, "माझंही पाचलाच संपलंय. पिल्लूचंही." पिल्लू म्हणजे आमची लेक. तिघांची कार्डं एकाच दिवशी आली होती, एकाच दिवशी संपली. त्या दोघांना काही फरक पडला नव्हता, कारण ते कॅनडात होते. अडकले मी, कारण मी बाहेर होते.

हे सविस्तर लिहितेय, कारण त्या रात्रीनंतर आठवडाभर मला जे सल्ले मिळाले त्यांतले निम्मे चुकीचे होते आणि दोन तर घातक होते. आपल्याकडून दरवर्षी इतकी मुलं-माणसं तिकडे जातात, आईवडिलांच्या आजारपणात धावत परत येतात, त्यांच्यापैकी कुणावर तरी ही वेळ येणारच.

माझं येणंही तसंच धावतपळत झालं होतं. ऑगस्टच्या शेवटी माझे वडील, आण्णा, बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं. मिरजेला ऑपरेशन ठरलं. दादाचा फोन आल्यापासून चार तासांत मी बॅग भरली आणि २६ ऑगस्टला टोरोंटोहून निघाले. महिनाभर राहू असं म्हणता म्हणता तीन महिने झाले. आण्णा वॉकर धरून उभे राहायला लागले, दिवाळी आली, भाऊबीज झाली. दादाला ओवाळून दोन दिवसांनी निघाले होते.

पहिली गोष्ट, जी मला त्या रात्री कुणीतरी सांगायला हवी होती: कार्ड संपलं म्हणून पीआर संपत नाही. कार्ड हा फक्त दर्जाचा पुरावा, आपल्याकडे गाडीचं आरसी बुक हरवलं तरी गाडी आपलीच असते तसा. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्यात पीआर जाण्याचे मार्ग ठरलेले आहेत: तुम्ही नागरिक झालात, तुम्ही स्वतः लेखी सोडलात, तुमच्यावर देश सोडण्याचा आदेश लागू झाला, किंवा राहण्याची अट पाळली नाही असा अंतिम निर्णय झाला. कार्डावरची तारीख या यादीत नाही.

राहण्याची अट म्हणजे कलम २८. मागच्या पाच वर्षांत कॅनडात ७३० दिवस. सलग नको, तुकड्यातुकड्यांनी चालतात. जोडीदार कॅनडाचा नागरिक असेल आणि बाहेर त्याच्यासोबत राहत असाल, तर तेही दिवस धरले जातात.

मग विमानात का बसू देत नाहीत? कारण विमान, बस, रेल्वे, बोट अशा तिकीट काढून जायच्या वाहनानं जायचं तर चालू कार्ड किंवा पीआर ट्रॅव्हल डॉक्युमेंट दाखवावं लागतं. नवं कार्ड भारतातून मागवता येत नाही, त्याचा अर्ज कॅनडात असतानाच करायचा असतो. म्हणजे कार्डासाठी कॅनडात असायला हवं आणि कॅनडात जायला कार्ड हवं. या पेचातून बाहेर काढतं ते ट्रॅव्हल डॉक्युमेंट. ते पासपोर्टवर व्हिसासारखं चिकटवून मिळतं आणि त्याचा अर्ज बाहेरूनच करतात.

दुसरा मार्ग अमेरिकेचा. नवऱ्याच्या ऑफिसातले एक काका, मूळचे नाशिकचे, याच मार्गानं परतले होते. न्यूयॉर्क, तिथून बफेलो, तिथे बायको गाडी घेऊन आली आणि पीस ब्रिजवरून फोर्ट एरीत. खाजगी गाडीला कार्डाची अट नाही. सीमेवरच्या अधिकाऱ्यानं संपलेलं कार्ड, पासपोर्ट आणि लँडिंगचा, म्हणजे पीआर म्हणून पहिल्यांदा कॅनडात उतरल्याचा, कागद पाहिला, किती दिवस बाहेर होतात विचारलं आणि सोडलं. पीआर असल्याची अधिकाऱ्याची खात्री पटली की तो आत येऊ देतोच, तो हक्क कायद्यानं दिलेला आहे. दिवस कमी भरत असतील तर तो अहवाल लिहू शकतो आणि पुढे प्रकरण चालू शकतं, पण दारातून परत पाठवत नाही. माझ्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा नव्हता आणि त्या वर्षी मुंबईत मुलाखतीच्या तारखेसाठी महिनोन्महिने थांबावं लागत होतं. त्यामुळे तो रस्ता माझ्यासाठी बंद होता.

आता ते दोन घातक सल्ले. एकानं सांगितलं, व्हिजिटर व्हिसा काढ आणि जा. पीआर असलेल्याला व्हिजिटर व्हिसा मिळत नाही. हवाच असेल तर आधी पीआर सोडल्याचा फॉर्म भरावा लागतो. आमच्या ओळखीच्या एका आजी-आजोबांनी नातवाच्या मुंजीला वेळेत पोचायचं म्हणून हेच केलं. त्यांचे दिवस भरत होते की नाही, हे कुणी मोजलंसुद्धा नाही. एजंटनं सही घेतली आणि सात वर्षांचा दर्जा एका सहीनं गेला. मला अजून त्याचं वाईट वाटतं. दुसरा सल्ला होता, दिवस कमी असतील म्हणून अर्जच करू नकोस, नकार आला की सगळं संपेल. तेही खरं नाही. आईवडिलांचं आजारपण, लहान मुलं अशी माणुसकीची कारणं अधिकाऱ्याला विचारात घ्यावी लागतात. नकार आलाच तर ६० दिवसांत इमिग्रेशन अपील विभागाकडे दाद मागता येते. कागद न पाठवता घाबरून बसणं हेच सगळ्यात महाग पडतं.

मी सांगलीला परत गेले. आई दारात उभी होती, काही बोलली नाही, फक्त बॅग आत घेतली. आण्णा मात्र पलंगावरून म्हणाले, "माझ्यामुळं अडकलीस तू." ते मी आयुष्यभर विसरणार नाही. मी त्यांना सांगितलं, तुमच्यामुळं नाही, तारीख मी पाहिली नाही.

अर्ज ऑनलाइन होता, फी ५० डॉलर. फॉर्ममध्ये मागच्या पाच वर्षांत कॅनडाबाहेर कधी गेलात आणि कधी परत आलात, हे तारखांसकट लिहायचं होतं. इथे मी अडले. २०१८च्या सप्टेंबरमध्ये आम्ही तीन आठवड्यांचं सॉफ्ट लँडिंग करून, म्हणजे पीआर पक्का करण्यापुरतं कॅनडात जाऊन, परत आलो होतो आणि कायमचे गेलो ते १५ जून २०१९ला. ती तारीख पक्की होती. २०२२च्या जुलैची वारीही आठवत होती. घोळ होता २०२०चा. दादाच्या लग्नाला म्हणून आले, २३ मार्चपासून आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली आणि पुढे सासऱ्यांचं आजारपण निघालं. जुन्या पासपोर्टावर मुंबईचा शिक्का होता, पण शाई इतकी पसरलेली की २२ आहे की २५, भिंग लावूनही कळेना. तिकीट जुन्या ऑफिसच्या ईमेलवर आलं होतं आणि ते खातं नोकरी सोडली तेव्हाच बंद झालं.

आई उठली, स्टूल घेतलं आणि कपाटावरून दोरीनं बांधलेला गठ्ठा काढला. आमच्या घरी जुनी कालनिर्णयं टाकत नाहीत. प्रत्येक चौकोनात तिचं बारीक अक्षर: दूध दीड लिटर, सिलिंडर लावला, कामवाल्या मावशींचा खाडा, आण्णांच्या बीपीच्या गोळ्या संपल्या. आणि त्यातच २३ फेब्रुवारी २०२०, रविवार, लाल चौकोन: "बाळ आली. स. ७." बाळ म्हणजे मी. सकाळी सातला सांगलीत म्हणजे आदल्या रात्री मुंबई, म्हणजे टोरोंटोहून २१ तारखेला निघाले. मग २०२१चं काढलं. जानेवारी: "बाळ गेली." त्याच्या दोन चौकोन आधी: "नाकातला टेस्ट, निगेटिव्ह." ७ जानेवारी २०२१पासून कॅनडानं विमानात बसण्याआधी कोविडची चाचणी सक्तीची केली होती, हे मी विसरून गेले होते. आईच्या चौकोनात ते होतं.

पाच वर्षं ती माझं येणं-जाणं लिहीत होती. दुधाच्या हिशेबाशेजारी. मला माहीतही नव्हतं.

कालनिर्णय कॅनडा सरकारला पुरावा म्हणून चालत नाही. पण त्या तारखा हातात आल्यावर मी विमान कंपनीकडून त्या दिवसांच्या प्रवासाची नोंद मागवू शकले आणि बँकेच्या स्टेटमेंटमधले विमानतळावरचे खर्च त्याच्याशी जुळले. आण्णा बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी कॅल्क्युलेटर मागितला, पाठीमागे दोन उशा लावून घेतल्या आणि पाठकोऱ्या कागदावर मांडायला घेतलं. मध्येच विचारलं, "गेल्याचा आणि आल्याचा दिवस कुणाच्या खात्यात?" मी वाचून सांगितलं की दिवसाचा थोडा भाग जरी कॅनडात गेला तरी तो दिवस कॅनडाचाच. मग त्यांनी परत मोजलं. सॉफ्ट लँडिंगनंतरचे २०५, कोविडचे ३२३, २०२२चे २७ आणि त्यांच्या पायापायी गेलेले ८७. एकूण ६४२ दिवस बाहेर. पाच वर्षांचे १,८२६, त्यात २०२०चा लीप दिवस त्यांनी आठवणीनं धरला. राहिले १,१८४. "सातशे तीसच पाहिजेत ना?" म्हणाले आणि खाली दोन रेघा ओढल्या, लेजर बंद करताना ओढायचे तशा. त्या दिवशी ते पहिल्यांदा नीट जेवले.

सोबत जोडलं ते असं: करखात्याची दरवर्षीची असेसमेंट नोटीस, पगाराच्या स्लिपा, घरभाड्याचा करार, लेकीच्या शाळेचं पत्र, दोन्ही पासपोर्टांचं प्रत्येक पान, आण्णांच्या ऑपरेशनचे कागद. मराठीत असलेल्या कागदांचं प्रमाणित भाषांतर. सगळ्यात उपयोगी पडल्या त्या असेसमेंट नोटिसा. कराचे कागद जपून ठेवा, आणि त्यांच्या प्रती अशा ठिकाणी ठेवा जिथे भारतातूनही हात पोचेल.

२२ नोव्हेंबरला अर्ज पाठवला. दिवस वाईट होते. महिन्यापूर्वीच भारत-कॅनडा वादात कॅनडानं आपले ४१ राजनैतिक अधिकारी भारतातून परत नेले होते आणि मुंबई, चंडीगड, बंगळुरूच्या वाणिज्य दूतावासांतली प्रत्यक्ष सेवा थांबवली होती. व्हिसा अर्ज केंद्रं चालू होती, पण आता किती वेळ लागेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. रोज रात्री लेक विचारायची, "आई, ईमेल आला?" तिच्या शाळेतला हिवाळ्याचा कार्यक्रम मी फोनवर पाहिला. तिला मधून मधून मान वर करून नवऱ्याच्या हातातल्या फोनकडे बघताना पाहिलं.

११ डिसेंबरला पासपोर्ट पाठवा असा ईमेल आला. पुण्याच्या केंद्रात दिला, शनिवारी परत मिळाला. आत एका पानावर तो कागद चिकटवलेला होता. एकदाच प्रवेश करता येईल असा. पहिल्या खेपेच्या चकल्या तोवर मऊ पडल्या होत्या. आईनं परत केल्या, भडंगाची पुडी नवी बांधली, हळदही ताजी दळून आणली. काउंटरवर या वेळी एक तरुण मुलगा होता. त्यानं ते पान पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं आणि बोर्डिंग पास छापला. मी तिथेच बाजूला होऊन आण्णांना फोन केला.

टोरोंटोला अधिकारी बाईंनी एकच प्रश्न विचारला, किती दिवस बाहेर होतात. मी आकडा सांगितला. त्यांनी विचारलं, वडील आता कसे आहेत? मी म्हटलं, वॉकर घेऊन तुळशीपर्यंत जातात.

जानेवारीत तिघांचेही नव्या कार्डांचे अर्ज केले. जुन्या कार्डाची मुदत नऊ महिन्यांहून कमी उरली की अर्ज करता येतो, म्हणजे हे काम आम्हाला २०२३च्या फेब्रुवारीतच करता आलं असतं. ज्यांची कार्डं या वर्षात संपणार आहेत त्यांनी हे वाचून झाल्याबरोबर पाकीट उघडून पाहावं, आणि घरात कुणाची तब्येत नाजूक असेल तर आजच.

कार्डं मार्चमध्ये पोस्टानं आली. लेकीनं जुनं आणि नवं शेजारी शेजारी ठेवलं. जुन्यात ती चार वर्षांची आहे, दोन वेण्या आणि सांगलीच्या स्टुडिओतला निळा पडदा. तो फोटो तिनं मोबाइलवर काढून आजीला पाठवला. तासाभरानं आईनं उलट फोटो पाठवला: नव्या कालनिर्णयाचा मार्च, दुधाच्या हिशेबाखाली, "तिघांची कार्डं आली."