पद्मिनीचा पेट्रोल पंप मागे नेला

मे महिन्यात खंबाटकी घाटाच्या चढात आमच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीने पुन्हा मान टाकली. नेहमीचंच नाटक. बॉनेट उघडलं, टाकीतून इंजिनाला पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाकलं, वीस मिनिटं कठड्यावर बसलो, मग एका सेल्फमध्ये चालू. ते फडकं बाबांच्या काळापासून डिकीत आहे. पण या वेळी डिपस्टिकलाही पेट्रोलचा वास आला. म्हणजे पंपाचा डायफ्राम, आतला लवचीक पडदा, फाटून पेट्रोल ऑइलच्या चेंबरमध्ये उतरत होतं. ऑइल त्याच आठवड्यात बदललं.

किट टाकून जुना पंप चालला असता, पण मूळ दुखणं राहिलंच असतं. टाकी मागे, पंप पुढे गरम इंजिनाला चिकटलेला, आणि पेट्रोल एवढ्या लांबून ओढून आणायचं. ओढलं की लाइनीतला दाब कमी होतो आणि पेट्रोल लवकर उकळतं. प्रेशर कुकरच्या बरोबर उलट. वाफ झाली की पंप नुसता वाफेवरच हात मारत बसतो.

हे माहीत असूनही पहिल्या रविवारी मी माती खाल्लीच. इलेक्ट्रिक पंप बॅटरीशेजारी बसवला, कारण वायरिंग जवळ पडत होतं. सकाळी झकास, दुपारी सिग्नलला अडकलो की तीच धाप. पंप बदलला होता, ओढणं बदललं नव्हतं.

दुसऱ्या रविवारी तो मागे गेला. टाकीच्या बुडापेक्षा खाली, सायलेन्सरपासून लांब, आणि मध्ये सायलेन्सर हँगरच्या रबराचे कापलेले तुकडे. रबर नसेल तर डिकीचा पत्रा तबला होतो. टाकी आणि पंप यांच्यामध्ये फिल्टर हवाच. दोन दिवसांत तो विटकरी झाला, यावरून टाकीच्या पोटात काय आहे ते समजा. जुने होज सगळे काढले. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने ते आतून फुगले होते, नखाने खरवडलं तर काळं निघत होतं. नवे घेताना इंजेक्शनच्या गाड्यांचे, इथेनॉल चालणारे मागा. आणि होज काढताना तोंडात घालायला ८चा बोल्ट हाताशी ठेवा. टाकी वर आहे, पेट्रोल थांबत नाही. माझ्या बाहीतून काखेपर्यंत गेलं.

इंजिनावर पंपाच्या जागी ५ मिमीची ॲल्युमिनियमची पट्टी, खाली गॅस्केट. पहिल्या गॅस्केटमधून ऑइल पाझरलं, दुसरं टिकलंय.

आता दाबाचं. बाटलीत सोडून पाहिलं, वीस सेकंदांत अर्धा लिटर. गाडी ताशी साठने तासाभरात पाच लिटर पिते, म्हणजे पंप गरजेच्या कितीतरी पट आहे. घात पुरवठ्यात नाही, दाबात आहे. गेज लावला तर साडेचार पीएसआय. एवढ्याला फ्लोटची निडल, म्हणजे कार्बोरेटर भरला की पेट्रोलची वाट बंद करणारी सुई, बसेना आणि कार्बोरेटर वरून वाहायला लागला. दाब कमी करणारा रेग्युलेटर लावून अडीचवर आणलं, शांत झाला. इंजेक्शनच्या गाडीतला पंप लावायचं कुणाच्या डोक्यात असेल तर कृपा करून नका. तो चाळीसच्या वर जातो.

सगळ्यात जास्त वेळ रिलेने, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचने, खाल्ला. जुना पंप इंजिन थांबलं की थांबायचा. हा नुसता इग्निशनवर ठेवला तर धडक बसून इंजिन बंद पडलं तरी फुटक्या लाइनीतून पेट्रोल ओतत राहील. म्हणून पाच पायांचा रिले घेतला. कॉइल ऑइलच्या लाल दिव्याला समांतर, पंप ८७एवर, म्हणजे कॉइलला वीज नसताना जोडलेल्या पायावर. दिवा लागलेला असेल तर पंप बंद, ऑइलचा दाब आला की चालू. सुरुवातीला दाब नसतो, म्हणून डॅशबोर्डखाली एक पुशबटण. चावी फिरवायची, पाच सेकंद दाबायचं, मागून टकटक मंदावली की सेल्फ. एक खोट आहे: दिव्याची वायर तुटली तर पंप चालूच राहील. म्हणून चावी फिरवल्यावर लाल दिवा लागतो का ते आधी पाहायचं. धडक बसली की पंपाची वीज तोडणारा इनर्शिया स्विच आणलाय, अजून बसवायचा आहे.

गेल्या रविवारी दुपारी दोन वाजता, चौघं बसून, मुद्दाम खंबाटकी. वर पोचेपर्यंत एकदाही आचका नाही. कठड्याजवळ सवयीने थांबलो, बॉनेट उघडून पाहिलं, रेग्युलेटर हाताला गरम लागतोय. त्याची जागा बदलावी लागेल, किंवा मध्ये पत्रा. फडकं डिकीतच आहे.