आमची वाटचाल : इथे जादा पाटा टाकला जात नाही

ठाण्यात बाळकुम नाक्यावरून कशेळीच्या बाजूला निघालात की आमचं दुकान लागतं. शटरशेजारी पत्र्यावर तेलरंगात एक ओळ लिहिली आहे: 'इथे जादा पाटा टाकला जात नाही'. कमान म्हणजे गाडीच्या ॲक्सलला (चाकांच्या आसाला) बांधलेली, एकावर एक पोलादी पट्ट्या रचलेली स्प्रिंग, आणि त्यातली एकेक पट्टी म्हणजे पाटा. नवीन गिऱ्हाईक ती ओळ वाचून हसतं. कमानीच्या दुकानात जादा पाटा नाही म्हणजे वडापावच्या गाडीवर 'पाव मिळणार नाही' लिहिल्यासारखंच झालं. पण त्या एका ओळीपायी आम्ही एकदा बुडता बुडता वाचलो आहोत, त्यामुळे ती पुसायची नाही असं मुलाला सांगून ठेवलंय.

1994 साली सुरुवात केली तेव्हा मी भिवंडीत एका स्पेअर पार्टच्या दुकानात हिशेब लिहीत होतो. माझे भागीदार मिस्त्री, नगरकडचे, तिसऱ्या पिढीचे लोहार. हात त्यांचा, अठरा हजार माझे, आणि नफा निम्मा निम्मा. कागद वगैरे काही केला नाही. भट्टी, ऐरण, दोन घण, तीन सांडश्या आणि तेलाचा एक हौद एवढ्यावर धंदा उभा राहिला. भिंतीवर लोखंडी पट्टीचे फर्मे टांगलेले असायचे, प्रत्येक गाडीच्या कमानीच्या बाकाचा एक. टाटाच्या 407 ट्रकचा वेगळा, 1613 चा पुढचा वेगळा, मागचा वेगळा. मिस्त्रींनी ते कंपनीच्या नव्या गाड्यांवरून, गाडी शोरूममधून येऊन चार दिवस झाले नसताना, मालकाला चहा पाजून उतरवून घेतले होते. आजही आहेत. एक सोडून. त्याचं पुढे सांगतो.

मिस्त्रींच्या भट्टीवर मीटर नव्हता. पाटा लाल झाला की काठीला बांधलेलं लोहचुंबक त्याला लावायचे. धरतंय तोवर थांबायचं. धरायचं सोडलं की आणखी थोडा तापू द्यायचा आणि मग तेलात. (बुडवतात तेलात, पण आमच्यात म्हणायचं 'पाणी दिलं'.) असा पाणी दिलेला पाटा काचेसारखा कडक असतो, गाडीला लावला तर मोडणारच. म्हणून परत मंद तापवून पाणी उतरवायचं. ते किती उतरलं हे बघायला मिस्त्री हातोडीचा लाकडी दांडा पाट्यावर घासायचे. लाकूड नुसतं काळं पडलं तर थांबा, ठिणगी चमकली की काढा. शेवटी कानस फिरवायची. कानस जेमतेम, कुरकुरत धरली पाहिजे. सरळ खात गेली तर पाटा मऊ, चार महिन्यांत बाक जाऊन बसणार. नुसती घसरली तर पाटा मोडणार. त्या दांड्यावरच्या जळक्या चट्ट्यांमुळे हातोडी कुठल्याही मिस्त्रीच्या हातात दिली तरी आमची म्हणून ओळखू यायची.

आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे दादूस. घोडबंदर पट्ट्यातले आगरी, पाण्याच्या टँकरचा धंदा. 1998 च्या सुमाराला पहिल्यांदा आले ते चिडूनच. "गारी उरते रं. एक जादा पाटा टाक." दहा हजार लिटरची टाकी, म्हणजे नुसतं पाणीच दहा टन. पण विहिरीवरून सोसायटीत जाताना भरलेली गाडी येताना मोकळी असते. निम्मा दिवस रिकामी गाडी पळवायची, आणि आधीच्या कुणीतरी कमान इतकी कडक करून ठेवली होती की रिकाम्या गाडीत ती हलायचीच नाही. मग गतिरोधक आला की कमानीऐवजी टायर, चासी (गाडीचा सांगाडा) आणि ड्रायव्हरचं कंबरडं हलायचं. गाडी उडते म्हणून आणखी एक पाटा टाका, म्हणजे आणखी उडेल!

मिस्त्रींनी एक शब्द न बोलता कमान सोडली आणि पाटा टाकायचं सोडून दोन काढले. शिवाय वर वेगळा हेल्पर, म्हणजे मदतीची छोटी कमान, बांधला, बोटभर अंतर ठेवून. रिकामी गाडी फक्त खालच्या कमानीवर चालणार, भरली की हेल्पर टेकून भार घेणार. दादूस म्हणाले, पैसे देऊन माझाच माल काढून घेतला. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरला घेऊन परत आले. ड्रायव्हर म्हणाला, पाठ दुखायची थांबली. त्यानंतर त्यांच्या सहाही गाड्या आमच्याकडे.

पुढची वीसेक वर्षं काम होतं, भाडं वेळेवर जात होतं, मुलं शिकली. शेजारचा गाळाही घेतला. छोटा हत्ती आला तेव्हा सगळे म्हणाले मोठ्या गाड्या संपल्या, तसं काही झालं नाही.

मग आमच्यापासून दोनशे पावलांवर एक दुकान उघडलं. नाव लिहीत नाही, येणारे-जाणारे ओळखतात. त्यांनी बोर्डच लावला : 'कमान रिपेअरवर एक पाटा फ्री'. फ्री कुठला, भंगारातून आणलेला मोठ्या गाडीचा. लोकांना वाटायचं जाड म्हणजे मजबूत. इथे थोडा हिशेब सांगतो, कारण भले भले फसतात. पाट्याचा कडकपणा जाडीच्या तिसऱ्या घाताने वाढतो. दहा मिलिमीटरच्या जागी बारा घेतला तर तो वीस टक्क्यांनी नाही, पावणेदोन पटीला टेकेल इतका कडक होतो. तेराचा घेतला तर दुपटीच्याही वर. आणि कमान वाकते तेव्हा सगळे पाटे एकाच बाकात वाकतात, मग जाड पाट्यावर ताण जास्त येऊन आधी मोडतो तोच. 'मजबूत' पाटा आधी का तुटला म्हणून गिऱ्हाईक डोकं खाजवत बसतं. तोवर चासीला हँगरपाशी, म्हणजे कमान जिथे टांगलेली असते तिथे, तडा गेलेला असतो, आणि त्याचं वेल्डिंगही तेच दुकान करतं. धंदा म्हणून बघितलं तर हुशारीच आहे.

त्यात 2018 साली दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. मुंब्रा बायपास दुरुस्तीला बंद झाला आणि भिवंडीची वाहतूक इकडे लोटली. आणि जुलैमध्ये सरकारने ॲक्सलवरच्या भाराची मर्यादा वाढवली, मागच्या चार टायरच्या ॲक्सलला 10.2 टनांवरून 11.5 टन. कागदावर मर्यादा वाढली म्हणून दारातल्या जुन्या गाडीची कमान वाढत नाही. पण सगळ्यांना दुसऱ्या दिवसापासून जास्त माल भरायचा होता, आणि त्यासाठी हवा होता जादा पाटा. आम्ही नाही म्हणायचो, ते हो म्हणायचे. आमच्यापुढची रांग त्यांच्यापुढे गेली. दहा-दहा वर्षांचे गिऱ्हाईक दुकानासमोरून काच वर करून जायचे.

आता माझी चूक. झाकून उपयोग नाही. भावात त्यांना गाठायचं म्हणून 2019 च्या मे महिन्यात मी एका व्यापाऱ्याकडून एकशेचाळीस तयार पाटे उचलले. काळा रंग मारलेले, दिसायला झकास, किलोमागे बरेच स्वस्त. मिस्त्रींनी एकाचा रंग खरवडला, कानस ठेवली. ती काचेवरून जावी तशी घसरली. म्हणाले, "भाऊ, ह्याचं पाणी उतरवलेलंच नाही. चार दिवस द्या, सगळे परत भट्टीतून काढतो." पावसाळ्याआधीची गर्दी होती, चार दिवस मला परवडत नव्हते. मी म्हटलं, कंपनीचा माल आहे, तुमच्या कानशीपेक्षा त्यांना जास्त कळतं. पंचवीस वर्षांत मी त्यांना असं पहिल्यांदा बोललो. त्यांनी कानस खुंटीला अडकवली आणि चहा प्यायला गेले.

सहा आठवड्यांत अकरा गाड्यांचे पाटे मोडले. एका भाजीच्या पिकअपचा मेन पाटा (टोकांनी चासीला जोडलेला मुख्य पाटा) गायमुखच्या घाटात गेला, ॲक्सल सरकला, दोन तास रस्ता अडला. नशिबाने कुणाला लागलं नाही. मालकाने तुटका तुकडा आणून माझ्या टेबलावर आपटला. रोजच्या वापराने थकून मोडलेल्या पाट्याच्या तोंडावर शिंपल्यावर असतात तशा रेषा दिसतात. हा आरपार साखरेच्या दाण्यासारखा चमकत होता. मिस्त्रींनी तुकडा उचलून बघितला, खाली ठेवला, काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्याच महिन्यात ते हिशेब करून गावी गेले. हिशेबात एक रुपयाही जास्त मागितला नाही.

आमचं बिल आणि तो तुकडा शेजारी ठेवून काढलेला फोटो आठवड्याभरात भिवंडीच्या गोदामांपासून वाघबीळपर्यंत सगळ्या ड्रायव्हरांच्या मोबाइलवर फिरला. बिल माझ्या टेबलावर होतं, फोटो कुणी काढला हे मला माहीत आहे. तो पोरगा पुढे कुठे कामाला लागला तेही माहीत आहे. व्यापाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. अकराही गाड्यांचं काम मी फुकट करून दिलं, उरलेले पाटे भंगारात घातले. त्यासाठी शेजारचा गाळा विकावा लागला.

दादूस एका दुपारी आले, आमचं रिकामं दुकान बघितलं आणि सहा गाड्यांचं वर्षभराचं काम आगाऊ धरून चाळीस हजार ठेवून गेले. पावती फाडायला लागलो तर म्हणाले, "पावती ऱ्हाऊ दे. मिस्त्रीला फोन लाव." मी लावला नाही. तेवढा मोठा माणूस मी नव्हतो.

मार्च 2020 मध्ये सगळं बंद झालं तेव्हा ट्रक जागेवर उभे राहिले, समोरच्यांचं, म्हणजे त्या 'पाटा फ्री'वाल्यांचं, शटर खाली गेलं. पाण्याचे टँकर मात्र थांबणार कसे? लोक घरातच बसलेले, खेपा उलट वाढल्या. अर्ध्या शटरखाली आम्ही टँकरच्या कमानी करत होतो. दादूसनी ओळखीचे आणखी तीन टँकरवाले पाठवले. तेव्हा मात्र मिस्त्रींना फोन केला. ते आले नाहीत, गुडघे गेले होते. पण एस. टी. सुरू झाल्यावर पुतण्याला पाठवलं. त्याच्या पिशवीत दांड्यावर जळके चट्टे असलेली एक हातोडी होती.

आता थोडं रोज गाडी चालवणाऱ्यांसाठी. कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. घोडबंदरला मेट्रोच्या कामापासून रस्त्याचं जे झालंय त्यात पिकअपवाला दर आठवड्याला एक तरी येतो : "शेठ, सस्पेन्शन बदलून टाका, खड्डे सहन होत नाहीत." मी आधी वजनकाट्यावर पाठवतो. भरलेली गाडी, पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा तोलून चिठ्ठी आणा. निम्म्या लोकांना आपण किती माल नेतो हेच माहीत नसतं. मग ॲक्सलपासून चासीपर्यंतची उंची दोन्ही बाजूंनी मोजायची, रिकामी आणि भरलेली. एक बाजू बसली असेल तर कमान थकली आहे. दोन्ही बाजू सारख्या असून गाडी खडखडत असेल तर बऱ्याचदा शॅकलचे (कमानीचं टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या कडीचे) बुश गेलेले असतात किंवा पुढचा शॉकअप (हेलकावे मारणारा तेलाचा दांडा) तेल सोडून मोकळा झालेला असतो. थोडक्यात भागतं, आणि लोक उगाच नवी कमान घेऊन जातात.

पॅराबोलिक कमान, म्हणजे मध्ये जाड आणि टोकाकडे पातळ होत जाणाऱ्या पाट्यांची, चांगलीच. पाटे कमी, मध्ये आणि टोकालाच टेकतात, त्यामुळे घासणं कमी आणि चाल मऊ. पण तिला चांगला शॉकअप लागतो, कारण जुन्या कमानीत पाटे एकमेकांवर घासून जो झोला (वर-खाली हेलकावा) मरायचा तो इथे मरत नाही. आणि ओव्हरलोडला ती माफ करत नाही : दोन-तीनच पाटे, त्यातला एक गेला तर उरलं काय? ज्याचा माल रोज ठरलेला आहे त्याने बेलाशक घ्यावी. ज्याच्या गाडीत आज फर्निचर आणि उद्या लाद्या, त्याने जुनी कमान ठेवून वर अंतर सोडून हेल्पर बांधावा. कमानीऐवजी लावतात ते हवेचे फुगे (एअर सस्पेन्शन) बसमध्ये शोभतात. खडी-वाळूच्या गाडीत खडा घासून फुगा फाटला की गाडी रस्त्यातच बसते.

काहीही करा, कमान ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट जुने परत वापरू नका. नवे घातल्यावर चारपाचशे किलोमीटर चालवून पुन्हा आवळायला या. फुकट आवळून देतो, तरी येत नाहीत. यू-बोल्ट सैल राहिला की पाटे मधोमध धरणारा सेंटर बोल्ट कापला जातो, ॲक्सल तिरका होतो, आणि शिव्या मिस्त्रीला. आणि बसलेला पाटा गॅसच्या बत्तीने तापवून कुणी उभा करून देत असेल तर तिथून गाडी काढा. उभा राहतो, पण पाणी गेलेलं असतं.

दादूसचा धाकटा मुलगा आता धंदा बघतो. गेल्या पावसाळ्यात नवी गाडी थेट शोरूममधून इथे घेऊन आला. पुतण्याने रिकामी उंची मोजून दारामागे खडूने लिहून ठेवली आणि त्याच दिवशी फर्मा उतरवून घेतला.

आणि तो एक फर्मा. गेल्या महिन्यात समोरच्यांचा पोरगा आला. कुणीतरी जुनी 1613 आणली होती, मागच्या कमानीचा मूळ बाक किती हे त्यांच्यात कुणालाच सांगता येईना. भंगारातले पाटे घालून घालून मूळ कमान कशी असते तेच विसरले असतील. मिस्त्रींच्या हातचा फर्मा काढून दिला आणि संध्याकाळपर्यंत परत आण म्हटलं. अजून आणलेला नाही.