ज्यांनी बॉम्ब टाकला त्यांच्याशीच दोस्ती?

आंतरराष्ट्रीय संबंध शिकवतो म्हटलं की जपानबद्दल एक प्रश्न हमखास येतो, वर्गात आणि लग्नाच्या पंगतीतही. हिरोशिमा-नागासाकी बेचिराख करणाऱ्या अमेरिकेच्या वळचणीला हा देश इतकी वर्षं राहिलाच कसा? स्वाभिमान वगैरे आहे की नाही? तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

८ सप्टेंबर १९५१, सॅन फ्रान्सिस्को. सकाळी ऑपेरा हाउसमध्ये ४८ देशांनी जपानशी शांतता तह केला. (भारत तिथे नव्हता. जपानमध्ये अमेरिकी फौजा राहणार हे नेहरूंना पसंत नव्हतं. आपण १९५२ मध्ये वेगळा तह केला, तोही नुकसानभरपाईवर पाणी सोडून.) त्याच दिवशी तिथल्या प्रेसिडिओ या लष्करी तळावर दुसरा करार झाला: अमेरिकेला जपानमध्ये तळ आणि जपानला तिचं संरक्षण. त्यावर जपानकडून सही एकट्या पंतप्रधान शिगेरू योशिदांची. हा करार मायदेशी कुणाला गोड लागणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता गंमत बघा. कोरियात युद्ध पेटलेलं, अमेरिकेचे वाटाघाटी करणारे दूत जॉन फॉस्टर डलेस जपानच्या मागे लागलेले की मोठं सैन्य उभारा. योशिदांनी राज्यघटनेचं नववं कलम पुढे केलं: युद्ध आणि सैन्य आम्हाला वर्ज्य. ते कलम लिहिलं होतं अमेरिकी अधिकाऱ्यांच्याच देखरेखीखाली! सैन्य जेमतेम उभं राहिलं, पण अमेरिकी लष्कराच्या ट्रकच्या ऑर्डरींनी बुडायला टेकलेली टोयोटा मात्र तरली.

ग्लेन स्नायडर या अभ्यासकाने मांडलं होतं की, बलाढ्य मित्र असला की दोन भीती मानगुटीवर असतात: तो ऐनवेळी सोडून जाईल, आणि तो आपल्याला स्वतःच्या भांडणात ओढेल. पहिलीवर उपाय म्हणजे तळ, दुसरीवर नववं कलम. व्हिएतनाममध्ये दक्षिण कोरियाचे आळीपाळीने तीन लाखांवर सैनिक गेले. जपानचा एकही लढायला गेला नाही.

वास्तववाद्यांना, म्हणजे देश शेवटी ताकदीच्याच हिशेबाने वागतात असं मानणाऱ्या अभ्यासकांना, हे पचेना. केनेथ वॉल्ट्झ यांनी १९९३ मध्ये लिहिलं की जपान आज ना उद्या अण्वस्त्रधारी महासत्ता होणार. अजून झालेला नाही. कात्झेनस्टाइनसारखे रचनावादी, म्हणजे समाजाच्या धारणांवर देशाचं वागणं ठरतं असं मानणारे अभ्यासक, म्हणाले, युद्धानंतर जपानी समाजाच्या मनातच लष्कराविषयी तिटकारा रुजला. तो तिटकारा खरा होता, यात शंका नाही. पण योशिदांनी तो वाटाघाटीत वापरलाही, आणि हे मला दोन्ही पंथांच्या पुस्तकांपेक्षा जास्त शिकवून जातं.

या धोरणाची नामुष्कीही झाली. १९९१ च्या आखाती युद्धासाठी जपानने १३ अब्ज डॉलर मोजले, त्यासाठी जादा करही बसवले. युद्ध संपल्यावर कुवेतने अमेरिकी वर्तमानपत्रांत आभाराची जाहिरात दिली. त्यातल्या देशांच्या यादीत जपान नव्हता. टोकियोच्या परराष्ट्र खात्याला हे फार लागलं. पुढच्याच वर्षी शांतिसेनेत माणसं पाठवण्याचा कायदा झाला. २००४ मध्ये जपानी सैनिक इराकमधल्या समावाला गेले, पाणी शुद्ध करून द्यायला. शस्त्रांच्या वापरावर इतकी बंधनं की त्या भागाची सुरक्षा डच सैनिकांकडे!

आता पारडं फिरलंय. चीनचं आरमार आणि उत्तर कोरियाची क्षेपणास्त्रं पाहता ओढले जाण्यापेक्षा एकटं पडण्याची भीती मोठी ठरली. २०१५ मध्ये मित्रदेशासाठी, मर्यादित परिस्थितीत का होईना, लढण्याची मुभा देणारे कायदे आले. २०२२ च्या अखेरीस संरक्षणखर्च जीडीपीच्या दोन टक्क्यांवर नेण्याचं ठरलं.

राहिला स्वाभिमान. या सौद्याचं बिल टोकियोने फारसं भरलेलंच नाही, ते भरलं दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांनी. ओकिनावा म्हणजे जपानच्या एकूण जमिनीचा ०.६ टक्के तुकडा, पण जपानमध्ये केवळ अमेरिकी फौजांच्या वापरात असलेल्या जागेपैकी सुमारे ७० टक्के जागा तिथे आहे. ओकिनावातल्या हेनोको इथे होऊ घातलेल्या नव्या अमेरिकी तळावर २०१९ मध्ये तिथे सार्वमत घेतलं, तेव्हा सुमारे ७२ टक्के मतं विरोधात पडली. सार्वमत बंधनकारक नव्हतं. समुद्रात भराव टाकण्याचं काम सरकारने चालूच ठेवलं.