अक्षय्य तृतीयेला सोलापुरात पाहिलेलं बुधाचं अधिक्रमण

9 मे 2016, नेमकी अक्षय्य तृतीया. सोलापूरकर आमरस-पुरीवर ताव मारून पंख्याखाली आडवे झालेले आणि आम्ही दुर्बीण घेऊन भर उन्हात तुळजापूर रस्त्याला लागलेलो. आदल्या संध्याकाळी हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याहून आलो होतो. अधिक्रमण म्हणजे ग्रहाने सूर्यबिंबासमोरून जाणं. बुध सूर्यबिंबावर शिरणार होता दुपारी 4.42 च्या सुमारास आणि सूर्य त्याला घेऊनच मावळणार होता. म्हणून पश्चिमेला क्षितिजापर्यंत मोकळं हवं. शहरात गच्च्या पुष्कळ, पण शेजारच्या पाण्याच्या टाक्या आडव्या येतात. हिप्परगा तलावाकडचा माळ बरा.

आयपीसला, म्हणजे दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या भिंगाला, कोणी डोळा लावायचा नाही, हे आधीच बजावलेलं. सूर्याची प्रतिमा पुठ्ठ्यावरच्या ड्रॉइंग पेपरवर घेतली. पॅरिसमध्ये 7 नोव्हेंबर 1631 ला गासेंदी या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानेही कागदावरच बुध पाहिला होता. केपलरने वर्तवलेलं हे अधिक्रमण, पण ठिपका इतका बारका की गासेंदीला आधी तो सौरडागच, म्हणजे सूर्यावरचा काळा डागच, वाटला. भराभर सरकायला लागला तेव्हा कुठे खात्री पटली.

त्याचं काही चुकलं नव्हतं, हे कागद बघून कळलं. सूर्य 15 सेंटिमीटरचा केला, तरी बुध जेमतेम 1 मिलिमीटर! आमच्याही कागदावर सौरडाग होते. मोठ्या डागाला फिकट झालर असते. बुध काळाकुळकुळीत, रेखीव गोल. पेन्सिलने खूण केली, अर्ध्या तासात तो खुणेपासून चांगला लांब गेला.

आणि हे काही फक्त युरोपातलं प्रकरण नाही. 1651 चं अधिक्रमण शेकर्ली या इंग्रजाने चक्क सुरतेहून पाहिलं, महाराज सुरतेवर चालून गेले त्याच्या साधारण 12 वर्षं आधी.

पुढचं बुधाचं अधिक्रमण 13 नोव्हेंबर 2032 ला, शनिवारी. दुपारी साधारण 12.10 ते 4.40, म्हणजे सोलापुरातून सगळं दिसेल आणि गच्चीही चालेल. नुसत्या ग्रहणाच्या चष्म्यावर विसंबू नका. 2012 मध्ये शुक्र त्यातून दिसला, कारण तो बिंबाच्या बत्तिसाव्या हिश्शाएवढा होता. बुध दीडशेव्या हिश्शाहूनही लहान. दुर्बिणीच्या फाइंडरला (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीला) झाकण लावा, लहान मुलं हमखास त्यातून डोकावतात. प्लॅस्टिकचं आयपीस तापून वितळतं, मधूनमधून दुर्बीण सूर्यावरून हलवा. दोन ड्रॉइंग पेपर जास्तीचे न्या. माळावर वारा फार.