तुम्ही विचारलंत म्हणून : ही गोधडी पांघरत का नाही?

"इतकी सुरेख गोधडी केलीत, मग पांघरत का नाही? भिंतीवर टांगून काय करायचं तिचं?"

हा प्रश्न मला प्रदर्शनात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, सोसायटीच्या जिन्यातही विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात वाकडं काही नसतं. बहुतेकांना आपल्या आजीची गोधडी आठवलेली असते आणि त्या मायेनेच ते बोलतात. पण सहा वर्षं एकच उत्तर देऊन मी थकले आहे. शिवाय त्या उत्तरावरचा माझाच विश्वास दोन वर्षांपूर्वी डळमळला. तेव्हा या वेळी नीट सांगते.

आधी ते नेहमीचं उत्तर. आमच्या गटात सहा जणी आहोत. दर शनिवारी दुपारी एकीच्या घरी जमतो, कापड रंगवतो, कापतो, जोडतो, थरावर थर ठेवून टाके घालतो. आपसात बोलताना आर्ट क्विल्ट म्हणतो, निमंत्रणपत्रिकेवर वस्त्रकला छापतो. यातली कुठलीच पांघरायच्या मापाची नसते. मागच्या प्रदर्शनासाठी प्रत्येकीची दोन फूट रुंद आणि पाच फूट लांब असावी असं ठरलं होतं, म्हणजे अंगावर घेतली तर पाय तरी उघडे राहतील नाही तर खांदे. प्रत्येकीच्या पाठीमागे वरच्या कडेला चार इंचांचा नेफा शिवलेला असतो, त्यात दांडी सरकवून ती टांगायची. ती टांगण्यासाठीच केलेली असते. चित्रकाराला कुणी विचारत नाही, की हे टेबलावर का अंथरत नाही. मग आम्हालाच का?

हे मी फार तावातावाने सांगायचे. आणि वर १९७१ सालचा दाखला द्यायचे. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ या दोघांनी जमवलेल्या जुन्या अमेरिकन गोधड्या पलंगावरून उतरवून चित्रांसारख्या पांढऱ्या भिंतींवर लावल्या गेल्या. लोकांनी लांब उभं राहून त्यांच्याकडे पाहिलं आणि हे रंग, हे आकार आधुनिक चित्रांच्या तोडीचे आहेत हे त्यांना दिसलं. पांघरूण म्हणून ज्याच्याकडे कुणी वळून बघितलं नव्हतं, ते भिंतीवर गेल्यावर दिसायला लागलं. माझं म्हणणं एवढंच असायचं, की आपल्या गोधडीलाही तो मान मिळू दे.

ते म्हणणं आजही मला खोटं वाटत नाही. पण त्या प्रदर्शनाबद्दल एक गोष्ट मी सांगत नसे. त्यातल्या बहुतेक गोधड्या कुणी शिवल्या ते कुणालाच माहीत नव्हतं. गोधड्यांना भिंत मिळाली, शिवणाऱ्या बायकांना नाव मिळालं नाही. हे मी वाचलं होतं, पटकन पुढे गेले होते.

आता आत्याचं सांगते. हे मी आजवर गटाबाहेर कुणाला सांगितलेलं नाही.

आत्या सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात राहते. धावदोरा मी तिच्याकडून शिकले, आठ-नऊ वर्षांची असताना, मे महिन्याच्या सुट्टीत. पाऊस यायच्या आत वाकळा, म्हणजे तिकडच्या गोधड्या, शिवून व्हायला हव्यात म्हणून ती दुपारभर पडवीत बसायची. खाली अख्खं लुगडं, मध्ये धोतराचे, सदऱ्यांचे तुकडे, वर पुन्हा लुगडं, आणि विरलेल्या जागी ठिगळं. कडेपासून सुरुवात करून फेऱ्या मारत मारत आत यायचं. ती सुईवर एका वेळी तीन टाके भरते आणि मग दोरा ओढते, म्हणून तिच्या ओळीत तीन टाके ज्वारीच्या दाण्याएवढे आणि चौथा जरा लांब पडतो. गाठ मारत नाही. दोरा संपला की शेवटच्या टाक्यावरून उलटी येते.

तीन वर्षांपूर्वी गावी गेले तेव्हा तिने एक वाकळ पुढे टाकली. "फाटलीया. न्हे पुण्याला, पायपुसणं कर." कडा पार गेल्या होत्या, मधला भाग मात्र शाबूत होता. आमच्या पुढच्या प्रदर्शनाचा विषय पाणी ठरला होता. ती वाकळ हातात घेतली तेव्हाच मला दिसलं काय करायचं ते. आत्याने चाळीस वर्षं लांबच्या विहिरीवरून पाणी वाहिलं आहे. मी वाकळेला कात्री लावली, ठरलेल्या मापात बसवली. खालचा अर्धा भाग निळीत बुडवला, वरचे विटलेले मरून आणि हिरवे रंग होते तसे ठेवले. मग पांढऱ्या दोऱ्याने वरपासून खालपर्यंत एक पाऊलवाट शिवली, आत्याच्या टाक्यांमधून वाट काढत. अडीच महिने लागले. माझ्या हातून त्याआधी इतकं चांगलं काही झालं नव्हतं, आणि नंतरही झालेलं नाही.

शेजारी लेबल लावलं : नाव, वर्ष, माझं नाव, किंमत अठरा हजार. आणि साहित्य : जुनं सुती कापड, नीळ, सुती दोरा.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी आत्या आली. तिचा नातू पुण्यात शिकतो, त्याने आणलं. मी तिला बोलावलं होतं, पण येईल असं वाटलं नव्हतं. मी तेव्हा एका पाहुण्यांशी बोलत होते, नेमकं १९७१चंच सांगत होते. लांबून पाहिलं, ती एकेक गोधडी बघत पुढे येतेय. आपल्या वाकळेसमोर आली आणि थांबली. जवळ गेली, वाकली आणि बोटाने एक ओळ चाचपायला लागली, अंधारात भिंत चाचपतात तशी.

"आजी, हात लावायचा नाही."

दारापाशी आम्ही दोन मुली ठेवल्या होत्या, त्यातली एक धावत आली. तिच्या हातात पांढरे मोजे होते. बोटांचं तेल कापडाला लागतं, डाग पडतो, म्हणून पाहुण्यांना हात लावू द्यायचा नाही आणि आपणही मोज्याशिवाय हात लावायचा नाही, हे तिला मीच शिकवलं होतं. पाटीसुद्धा माझ्याच अक्षरातली. मुलगी चुकली नाही, आवाजही चढवला नाही तिने.

आत्याने हात मागे घेतला आणि पदराखाली धरला. म्हणाली, "न्हाई बाय, ह्ये माजं टाकं हायती, म्हून बगत हुते."

मी आठ-दहा पावलांवर होते. मला ऐकू आलं. मला तिथून एवढंच म्हणायचं होतं, "अगं, लावू दे, तिचीच आहे ती." पाच-सहा शब्द. मी बोलले नाही. पाहुण्यांचं वाक्य अर्धवट होतं, ते पुरं होऊ दिलं. मग गेले. तोवर नातू लेबल वाचून दाखवत होता, तिने विचारलं होतं, "काय लिवलंया?" त्याने सगळं वाचलं. जुनं सुती कापड. ती म्हणाली, "बराबर हाय. जुनंच हाय त्ये." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा मारायची तिची रीतच नाही. मी चहा मागवला, ती प्यायली, गटातल्या सगळ्यांशी बोलली आणि संध्याकाळच्या एसटीने गेली. तेवढ्या वेळात तो हात तिने पुन्हा कुठल्याही गोधडीजवळ नेला नाही.

त्यानंतरच्या शनिवारी मी हे गटात सांगितलं. एकीचं म्हणणं पडलं, की जुनी वाकळ हे तुझं साहित्यच होतं, पायपुसणं होणारी वस्तू तू वाचवलीस, रचना तुझी, विचार तुझा. दुसरी म्हणाली, त्या टाक्यांशिवाय तुझ्या पाऊलवाटेला काही अर्थ उरला असता का? दोघी बरोबर होत्या. दोन वर्षांपूर्वीची मी आज समोर बसली तर पहिलीच्या बाजूने जोरात भांडेल, आणि तिला गप्प करता येईल असा मुद्दा माझ्याकडे अजूनही नाही. वाकळ खरंच पायपुसणं होणार होती. मी कापली नसती तर आज ती नसतीच. पण साहित्याच्या रकान्यात मी आत्याचे चार महिने तीन शब्दांत बसवले, हेही खरं आहे. नीळ लिहायला विसरले नाही मी.

हॅरिएट पॉवर्सची गोष्ट त्यानंतर पुन्हा वाचली. अमेरिकेतल्या जॉर्जियात गुलामीत जन्मलेली बाई. बायबलमधल्या कथांची तिने शिवलेली गोधडी १८८६ साली तिथल्याच अथेन्स गावच्या जत्रेत लागली. जेनी स्मिथ नावाच्या चित्रकलेच्या शिक्षिकेने ती विकत मागितली, पॉवर्सबाईंनी नाही म्हटलं. काही वर्षांनी अडचण आली तेव्हा त्या स्वतःच घेऊन गेल्या. दहा डॉलर मागितले, पाच मिळाले. देताना एकेका चौकटीचा अर्थ समजावून सांगितला, आणि पुढेही त्या आपली गोधडी बघायला स्मिथबाईंच्या घरी जात राहिल्या. आज ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पूर्वी मी ही गोष्ट सांगायचे ती पाच डॉलरसाठी, बायकांच्या कामाला मोल नाही हे दाखवायला. आता मला त्यांचं ते पुन्हा पुन्हा बघायला जाणं दिसतं. तिथे त्यांना हात लावू देत असतील का, हा विचार मनातून जात नाही.

तुम्ही म्हणाल, मग लेबल बदललंस का? बदलायला घेतलं. पुढच्या प्रदर्शनाआधी आत्याला फोन केला, तुझं नाव घालते म्हटलं, गावासकट. ती चक्क रागावली. "माजं नाव भितीवर? भितीवर मेल्या मान्साचं लावत्यात." मी समजवायचा प्रयत्न केला, तर म्हणाली, तुला लावायचं तर तुझं लाव, माझं काय त्यात. दोनदा विचारलं, दोनदा नाही म्हणाली. तेव्हा आता लेबलवर आहे : मूळ वाकळ माझ्या आत्याने शिवलेली. नाव नाही. म्हणजे १९७१ सालच्या त्या भिंतीबद्दल मला जे खुपतं, तेच मी करते आहे, फरक इतकाच की मी विचारून करते आहे. हा फरक पुरेसा आहे की नाही, मला ठरवता आलेलं नाही. किंमत मात्र काढून टाकली. त्यावरून गटात नाराजी झाली, कारण विक्रीतला हिस्सा हॉलच्या भाड्याला जातो. मी माझ्या हिश्शाचे पैसे वेगळे भरले.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. पांघरत का नाही?

एकदा पांघरली आहे. मी नाही, आत्याने. या पौषात मी ती घेऊन माणला गेले. रात्री तिकडे फार गारठा पडतो. खाली घोंगडी, वर तिची नेहमीची चादर. मी गुंडाळी सोडली आणि तिच्या मांडीवर पसरली. या वेळी तिने मनसोक्त हात फिरवला. निळीच्या भागावरून, पाऊलवाटेवरून. "हितं तू लई घट वढलंयस," म्हणाली. खरंच तिथे कापड चुरगळलं आहे, आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मग एका जागी तिला दोरा सुटलेला दिसला. डब्यातून सुई काढली, लाल दोरा ओवला आणि सहा टाके घातले. तीन बारीक, एक लांब, दोन बारीक. मी "लाल नको" म्हणणार होते. राहिलं.

रात्री तिने तीच पायांवर घेतली. नेफ्याची बाजू जाड लागते म्हणून ती पावलांकडे केली. सकाळी मी उठायच्या आत तिने तिची चौघडी घडी करून पेटीवर ठेवली होती. आमच्याकडे घडी घालत नाहीत. घडीवर धागा तुटतो म्हणून नळीवर गुंडाळून, वर मलमल लपेटून ठेवतो. उजेडाने रंग विटतो म्हणून संग्रहालयात कापडासमोर ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर उजेड ठेवत नाहीत, हे मी गटातल्या नव्या मुलीला परवाच सांगितलं, आणि ही माणच्या उन्हात पेटीवर पडली होती.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा प्रदर्शनात लागणार आहे. पुण्याला आणल्यावर आठ दिवस पलंगावर सपाट पसरून ठेवली, तरी मधोमध उभी एक आणि आडवी एक अशा त्या दोन घड्या दिसतात. गटातली एक जण म्हणाली, ओलं फडकं ठेवून हलकी इस्त्री फिरव, जातील. अजून फिरवलेली नाही.