गावाच्या पाण्याचा ताळेबंद : हवामान आराखडा करतानाचा माझा अनुभव

२०१८ साली आमच्या गावाचं नाव पोकराच्या यादीत आलं आणि ग्रामसभेनं मला ग्राम कृषी संजीवनी समितीवर घेतलं. गाव धाराशिव जिल्ह्यातलं, कोरडवाहू. तेव्हा जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद होतं. पोकरा म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. जागतिक बँकेचं २,८०० कोटींचं कर्ज आणि राज्याचे १,२०० कोटी, अशा ४,००० कोटींतून मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातली ५,००० हून जास्त गावं बदलत्या हवामानात तग धरतील अशी करायची, हा त्याचा हेतू. गावात लोकांच्या कानावर मात्र एवढंच आलं होतं की शेडनेट आणि ठिबकला अनुदान मिळणार. त्यामुळं पहिल्या बैठकीला जो तो सातबारा घेऊनच आला. आधी गावाचा आराखडा करायचा, मग अर्ज, हे कळल्यावर निम्मी माणसं उठून गेली.

मी थांबले, कारण मला तो आराखडाच हवा होता. २०१२, २०१४, २०१५ असे दुष्काळ आम्ही काढले होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीनं काढणीला आलेली ज्वारी आणि हरभरा झोडपला होता. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. दर वेळी पंचनामे झाले, टँकर आले, छावण्या उघडल्या, आणि पाऊस पडला की फायली मिटल्या. पुढच्या संकटाची तयारी आधीच करून ठेवावी, असं म्हणणारं कुणी पहिल्यांदाच आमच्या दारात आलं होतं.

या कामाची मुळं वरपर्यंत जातात. ३० जून २००८ रोजी केंद्रानं हवामान बदलाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्यात आठ अभियानं होती : सौरऊर्जा, ऊर्जाबचत, शहरं, पाणी, हिमालय, वनं, शेती आणि ज्ञान. मग राज्यांनी आपापले आराखडे केले; महाराष्ट्रानं ‘टेरी’ या संस्थेच्या अभ्यासावरून २०१४ मध्ये केला. कागदावर प्रत्येक क्षेत्राचं खातं वेगळं, सचिव वेगळे, निधी वेगळा. पण गावात ही सगळी खाती एकाच विहिरीवर येऊन उभी राहतात. शेतीला पाणी तिचंच, नळयोजनेला तिचंच, जनावरांना तिचंच, आणि मोटार चालणार ती रात्रीची लाईट येईल तेव्हा. राष्ट्रीय पातळीवरचं नियोजन नेमकं कुठं अडतं, ते मला या कामात स्पष्ट दिसलं. प्रत्येक खातं आपापल्या योजनेत तेच पाणी धरून चालतं.

सुरुवातीला प्रभातफेरी, मग ग्रामसभा, मग शिवारफेरी, असा क्रम होता. शिवारफेरीत आम्ही माथ्याकडून पायथ्याकडं चालत आलो. सोबत प्रकल्पाचे समूह सहायक आणि कृषी सहायक होते. कुठं बांध फुटलाय, कुठला सिमेंट नाला बांध गाळानं भरलाय, कुठं सलग समतल चर घेता येतील, हे जागेवर लिहून घेतलं. माथ्याच्या रानात टिकाव मारला की वीतभर मातीखाली मुरूम लागत होता. तिथं पावसात पंधरा दिवसांचा खंड पडला तर सोयाबीन उभं करपतं. खालच्या काळ्या रानात तेच पीक महिनाभर दम धरतं. पण जोराचा पाऊस झाला की हेच काळं रान चिबडतं आणि माथ्याचं वाचतं. एकाच गावात दोन तऱ्हेची रानं असताना सगळ्यांना एकच सल्ला चालणार नव्हता.

सगळ्यात मोलाची माहिती मिळाली ती बायकांच्या बैठकीत. शाळेच्या पटांगणात रांगोळीनं गावाचा नकाशा काढला होता : ओढा, रस्ते, वस्त्या, विहिरी. विहिरींची खोली आणि मोटारीची अश्वशक्ती पुरुषांनी आधीच लिहून दिली होती. आमच्या आळीतल्या एक आजी खाली बसल्या आणि एकेका विहिरीवर खडा ठेवत सांगू लागल्या, “ही संक्रांतीलाच बसती. ही पाडव्याला तळ गाठती बघ. आन् ही पांढरीतली, हिला आखिती पातूर धोका न्हाई.” मग बाकीच्या बायका पुढं सरसावल्या. कुणी म्हणाली, पलीकडं बोअर पडलं तवापासून ती शिमग्यालाच आटती. कुणी सांगितलं, बांधाचा गाळ काढला त्या वर्षी हिला महिनाभर जास्त पाणी टिकलं होतं. हंडा घेऊन जाणाऱ्या बाईला विहीर कधी साथ सोडते ते नेमकं माहीत असतं. समूह सहायकांनी प्रत्येक विहिरीपुढं महिना लिहिला. पुढच्या आखणीत कुठल्याही छापील तक्त्यापेक्षा ही यादी जास्त कामाला आली. कुठल्या ओघळीवरचं काम आधी घ्यायचं, हे तिच्यावरूनच ठरलं.

मग आला पाण्याचा ताळेबंद. याची रीत प्रकल्पानं मुंबईच्या आयआयटीच्या मदतीनं बसवली होती. मूळ हिशेब सोपा आहे : एक हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १० घनमीटर, म्हणजे १०,००० लिटर. ७०० मिमी पाऊस झाला तर १०० हेक्टरवर ७ लाख घनमीटर पाणी पडतं. गावकरी याला ७०० टीसीएम म्हणायला लागले; एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर. आकडा ऐकून सभेत लोक खूश झाले, एवढं पाणी आपलं! पण त्यातलं पुष्कळ ओढ्यानं वाहून जातं, पुष्कळ बाष्प होऊन उडतं, काही मातीत ओल म्हणून राहतं आणि थोडंच खाली मुरतं. आमच्याकडं खाली काळा पाषाण. पाणी साठतं ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत, तेही बेताचं. ही वजाबाकी फळ्यावर झाली तेव्हा सभा गप्प झाली.

त्यानंतर खर्चाची बाजू. दोन हजार वस्तीच्या गावाला माणशी दिवसाला ५५ लिटर धरले तर वर्षाला साधारण ४ कोटी लिटर लागतात, म्हणजे ४० टीसीएम. उसाला वर्षभरात २,००० मिमीच्या आसपास पाणी लागतं, म्हणजे हेक्टरी २० टीसीएम. दोन हेक्टर ऊस आणि अख्ख्या गावाचं पिणं, दोन्ही आकडे सारखेच! हरभरा मात्र २५० ते ३०० मिमीत येतो.

यावरून रान पेटलं. “ऊस बंद करा म्हणता का? मग कारखाना काय आमच्या लेकरांची फी भरणार?” असं एका बागायतदारानं भर सभेत विचारलं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. उसाला हमखास गिऱ्हाईक आहे, सोयाबीनचा भाव बाजारावर आहे. नुसतं पाण्याचं गणित मांडून कुणी पीक बदलत नाही. मला वाटतं, आराखड्याची खरी परीक्षा इथंच होते. जिथं दोघांचं हित आडवं येतं तो विषय टाळला, तर मागे उरते ती फक्त अवजारांची मागणी-यादी. आम्ही तो टाळला नाही. बऱ्याच वादावादीनंतर ग्रामसभेनं ठरवलं की उभा ऊस ठिबकवर आणायला आधी मदत करायची, सार्वजनिक विहिरीच्या पाणलोटात नवी लागण करायची नाही, आणि तिच्यापासून ५०० मीटरच्या आत कायद्याप्रमाणं परवानगीशिवाय कुणी बोअर पाडायचं नाही. सगळ्यांनी हे पाळलं असं मी म्हणणार नाही. पण पूर्वी बोअरची गाडी आली तर कुणी विचारत नव्हतं, आता विचारतात.

हे सगळं चाललं ते दुष्काळात. २०१८ चा पावसाळा मध्येच तुटला आणि ३१ ऑक्टोबरला सरकारनं राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यामुळं लोकांच्या डोळ्यांपुढं एकच धोका होता, पाणी नसण्याचा. कामांची यादी करताना शेततळी, विहीर पुनर्भरण, नाला खोलीकरण यांनाच जास्त हात वर व्हायचे. पावसाच्या जुन्या नोंदी काढल्यावर कृषी सहायकांनी दाखवलं की एकाच पावसाळ्यात लांबलचक खंडही पडतो आणि एका दिवसात महिन्याचा पाऊसही होतो. म्हणून दोन्ही वेळी उपयोगी पडेल अशा कामांवर आम्ही भर दिला. त्यात बीबीएफ, म्हणजे रुंद सरी वरंब्यावरची पेरणी, सगळ्यात स्वस्त. खंड पडला तर वरंब्यात ओल टिकते, धो-धो पडला तर सरीतून पाणी निघून जातं, आणि बियाणंही कमी लागतं. शेतीशाळेत याची प्रात्यक्षिकं झाली. ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय तिफण रानात न्यायची नाही, हेही तिथंच पक्कं झालं.

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये याचा प्रत्यय आला. बंगालच्या उपसागरातून आलेला कमी दाबाचा पट्टा आमच्या जिल्ह्यावरून आणि सोलापूरवरून पुढं गेला. ऐन काढणीत पाऊस कोसळला. कापून टाकलेलं सोयाबीन पाण्यात गेलं, ते कुठल्याच पद्धतीनं वाचलं नसतं. पण उभ्या पिकात फरक दिसत होता. सपाट पेरलेल्या रानात पाणी थांबून शेंगांना कोंब फुटले, वरंब्यावरचं रान लवकर निचरून वाफशाला आलं आणि मळणीचं काहीतरी हाती लागलं. त्यानंतर गावात बीबीएफचं यंत्र भाड्यानं मिळेना, इतकी मागणी झाली.

कागदपत्रांबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण पुढच्या गावांना याचाच जास्त त्रास होतो. वैयक्तिक लाभासाठी सातबारा, आठ अ म्हणजे खातेउतारा, आणि आधार लागतं. अर्ज ऑनलाइन, मग समितीची शिफारस, जागेची पाहणी, पूर्वसंमती. त्यानंतर शेतकऱ्यानं स्वतःच्या खिशातून खरेदी करायची, जिओ टॅगिंग, म्हणजे जागेच्या नोंदीसह फोटो, व्हायचं, आणि मग अनुदान खात्यात. अल्पभूधारकाला ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान असलं तरी आधी पूर्ण रक्कम उभी करावी लागते. ज्याच्याकडं ती नाही त्याच्याच रानाला हवामानाचा फटका जास्त. आमच्या बचत गटांनी अशा काही घरांना अंतर्गत कर्ज दिलं, म्हणून त्यांचे तुषार संच आले. पूर्वसंमतीच्या आधी एक रुपयाही खर्च करू नका, हे मी प्रत्येकाला सांगते. तालुक्याच्या एका कार्यालयात आमच्या कामांच्या यादीतले गट क्रमांक चुकीचे टाईप झाले होते. ते दुरुस्त होऊन येईपर्यंत नाल्याच्या कामाचा एक उन्हाळा हातचा गेला. मंजूर आराखड्याची प्रत मागून घ्या आणि प्रत्येक गट क्रमांक सातबाऱ्याशी ताडून पाहा.

बायकांची अडचण वेगळी. रानात राबणारी ती, सातबारा त्याच्या नावावर. भूमिहीन आणि विधवा महिलांसाठी शेळीपालन, परसातल्या कोंबड्या अशी तरतूद प्रकल्पात होती आणि ती घेतली गेली. बाकीच्यांसाठी आम्ही लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावायचे अर्ज तलाठ्याकडं दिले. काही नावं लागली. ज्या घरात लागली तिथं पुढचे अर्ज बायकांनीच केले.

प्रकल्पाचा आराखडा शेतीचा होता. पिण्याचं पाणी, चारा, आरोग्य यांना त्यात पुरेशी जागा नव्हती. म्हणून शिवारफेरीत आणि बायकांच्या बैठकीत जे निघालं ते वेगळ्या कागदावर लिहून आम्ही ग्रामपंचायत विकास आराखड्यात घातलं. पंधराव्या वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेसाठीच होता. सार्वजनिक विहिरीचं पुनर्भरण त्यातून झालं. माथ्यावरचे चर रोजगार हमीतून झाले. ताळेबंद एक ठेवला आणि पैसे तीन ठिकाणाहून आणले.

डिसेंबर २०२३ मध्ये भारतानं संयुक्त राष्ट्रांना आपला पहिला अनुकूलन अहवाल दिला; अनुकूलन म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेणं. त्यानुसार अनुकूलनाशी निगडित खर्च २०१५-१६ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपीच्या) ३.७ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ५.६ टक्क्यांवर गेला. देशाचा पैसा वाढतो आहे, ही चांगली गोष्ट आहे. तो खाली येताना खात्याखात्यांच्या रकान्यांत वाटला जाऊ नये, गावाच्या ताळेबंदावर बसवला जावा, एवढी माझी मागणी आहे. पोकराचा दुसरा टप्पा २१ जिल्ह्यांत, सुमारे ७,००० गावांत हाती घेतला आहे. त्या गावांतल्या समित्यांनी ताळेबंद एकदाच करून फाईलला लावू नये. आम्ही तो दर ऑक्टोबरला करतो, पावसाळा संपल्यावर आणि रब्बी पेरायच्या आधी. गेल्या वर्षीचं पाणी यंदाच्या हरभऱ्याला देता येत नाही.

एक विषय अजून सुटलेला नाही, तो उन्हाचा. अहमदाबादनं २०१३ मध्ये देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला, त्यानंतर अनेक शहरांनी केले. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये हमीच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायकांना भर दुपारी सावली नसते, पाणी घरून न्यावं लागतं, आणि चक्कर येऊन पडलेल्या बाईची नोंद कुठंच होत नाही. मार्चपासून कामाची वेळ सकाळी ६ ते ११ ठेवावी, कामावर सावलीची सोय असावी आणि आशाताईंकडं ओआरएसचा साठा असावा, असा ठराव आम्ही १ मेच्या ग्रामसभेसाठी लिहून दिला आहे. बचत गटांच्या सह्या झाल्या आहेत. पुरुषांच्या सह्या घ्यायचं काम चालू आहे.