आमची वाटचाल : कोतवाल बुकातला कोरा रकाना

जुन्या मोडी लिपीतल्या कागदांचं देवनागरीत लिप्यंतर करून देणं, एवढ्याच कामावर पंचवटीत आमची पेढी सुरू झाली. लोक नक्कल आणायचे, आम्ही वाचून द्यायचो. पण बरेचदा नक्कल भलत्याच माणसाची निघायची, म्हणून शोधाचं कामही हाती घेतलं. आता मुख्य काम तेच.

'आजोबांचं नाव सापडत नाही,' असं म्हणत लोक येतात. गाव नमुना नंबर १४ मध्ये, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूंच्या नोंदी असलेल्या कोतवाल बुकात, ते बहुतेक वेळा सापडतच नाही. नोंद व्हायची बाळ जन्मल्यावर, बारसं त्यानंतर. त्यामुळे बाळाच्या नावाचा रकाना कोराच राहायचा. बापाचं नाव, जात, गाव, तारीख आणि मुलगा की मुलगी, एवढंच. आडनावही पुष्कळदा नसतं, नुसतं 'रामा बिन तुका'. बिन म्हणजे मुलगा, कोम म्हणजे बायको. तेव्हा शोध बापाच्या नावानं लावायचा, आणि सांगितलेल्या वर्षाच्या अलीकडची पाच व पलीकडची पाच वर्षं धरायची, कारण घरात सांगितलेलं वय अंदाजाचं असतं. नातवाला आजोबांचं नाव ठेवण्याची रीत असल्यानं एकाच गावात दोन 'रामा बिन तुका' भेटतात. दोघांत चाळीस-पन्नास वर्षांचं अंतर असेल तर ते आजोबा-नातू असण्याचा संभव मोठा.

तरीही नोंद मिळाली नाही तर आम्ही विचारतो, आजीचं माहेर कोणतं? पहिलं बाळंतपण माहेरी, आणि नोंद जिथं जन्म झाला तिथं. निफाडच्या माणसाची जन्मनोंद सिन्नरकडच्या आजोळच्या बुकात असू शकते. थोरल्या अपत्याचा शोध आम्ही आजोळापासूनच सुरू करतो. आमच्या अर्जातला हा सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे, आणि नेमका तोच लोक रिकामा सोडतात.

तालुकाही तपासावा लागतो. नाशिक जिल्हा १८६९ चा. त्याआधी मालेगाव, बागलाण, नांदगाव हा भाग खानदेशात होता. देवळा आणि त्र्यंबकेश्वर हे तालुके १९९९ चे, म्हणून तिथल्या गावांचं जुनं दप्तर मूळ तालुक्याच्या नावानं मागावं लागतं. काही वर्षं मात्र मुळातच तुटकी आहेत. प्लेगात गावं ओस पडून माणसं रानात झोपड्या घालून राहिली, १९१८ च्या इन्फ्लुएंझात लिहिणारेही आजारी पडले. त्या काळातला मृत्यू बुकात नसला, तर तो झालाच नाही असं धरू नये.

अशा वेळी जमीन कामी येते. खातेदार मयत झाल्यावर वारसांचा फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, होतो, त्यात मुलांची नावं क्रमानं येतात. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालन कर्ता. त्यापुढचं नाव बहुधा आईचं किंवा चुलत्याचं असतं, आणि मूल तेव्हा सज्ञान नव्हतं हेही कळतं. फेरफाराची तारीख मृत्यूची समजू नका, मधे कितीतरी वर्षं गेलेली असतात. जुन्या वारस नोंदींत मुलींची नावं सुटलेली आढळतात. आत्या शोधायची तर दुसरा कागद हवा. जमीन नसलेल्या घरांसाठी शाळेचं जनरल रजिस्टर पाहतो. त्यात १ जून ही जन्मतारीख दिसली तर ती प्रवेशासाठी लावलेली समजावी.

रामकुंडावरच्या आणि त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या, म्हणजे यात्रेकरू घराण्यांच्या नावांच्या वह्या, हा नाशिकचा मोठा ठेवा. त्या गावानुसार वाटलेल्या असतात. नुसतं आडनाव सांगून चालत नाही, घराण्याचं मूळ गाव लागतं. अस्थी घेऊन आलेल्या मुलानं स्वतःच्या हातानं बापाचं, आजोबांचं, भावांचं नाव लिहिलेलं असतं. ते अक्षर पाहताना घरच्यांचा आवाज बदलतो. शके दिलेला असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा. पौषाच्या मध्यापासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. वही उपाध्यायांची खासगी असते, फोटो त्यांच्या परवानगीनंच घ्यायचा.

मोडी वाचताना घाई करू नये. आधी रेघ आखून तिच्याखाली सलग लिहिलेलं असतं, शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. आम्ही आधी त्या पानावरची ठाऊक असलेली गावं, जाती, महिने वाचतो, त्यावरून त्या लेखकाच्या अक्षरांचा तक्ता करतो आणि मग नावांकडे वळतो. फोटो काढताना उजेड बाजूनं हवा. वरून फ्लॅश मारला की फिकी शाई उडते.

दोन वेगळ्या कागदांवर जुळलेलं नाव आम्ही वंशावळीत शाईनं लिहितो. एकाच कागदावरचं पेन्सिलीनं, शेजारी कागदाचा नमुना, गाव आणि पान. बुकात नोंद नसेल तर तहसीलमधून तसं लेखी घ्यायला सांगतो. तेच दप्तर पुढच्या पिढीला पुन्हा उपसावं लागू नये.

येताना मूळ गाव, कुलदैवत, आजी-पणजीचं माहेर, थोरल्या भावाबहिणींचा क्रम आणि घरातले जुने खातेउतारे आणा. पान फाटलेलं असलं तरी चालेल, चिकटपट्टी मात्र लावू नका.